कच्च्या कैद्यांना आधी अक्षरं शिकवा, पदव्या नंतर

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

दहावी-बारावीचा निकाल लागला की एक बातमी ठरलेली असते. अमुक कारागृहातले इतके बंदी पास झाले, एकाला प्रथम श्रेणी. कधी येरवडा, कधी नागपूर, कधी नाशिकरोड. वाचून बरं वाटतं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रं तुरुंगात चालतात. शिक्षा झालेला बंदी परीक्षा पास झाला तर त्याला शिक्षेत ९० दिवसांपर्यंत विशेष माफीही मिळू शकते. हे सगळं चालू राहावं.

पण आपल्या तुरुंगांत आहे कोण? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या कैद्यांचा आकडा ५ लाख ७३ हजारांच्या घरात आहे. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. एकूण कैद्यांपैकी साधारण पाव निरक्षर आणि बरेचसे दहावीच्या आतले. आणि शिक्षणाची सगळी घडी मात्र बसवलेली पक्क्या कैद्यांसाठी. अभ्यासक्रम त्यांना, माफी त्यांना, कारखान्यातलं कामही मुख्यतः त्यांनाच. कच्चा कैदी "आज ना उद्या सुटेल" म्हणून बराकीत बसून राहतो, आणि ते उद्या कधी कधी पाच वर्षांनी येतं.

मी एका जिल्हा कारागृहात संस्थेमार्फत शिकवायला जाते. टोकयंत्राला पातं असतं म्हणून ते आत नेता येत नाही, तेव्हा पाटी आणि खडू. वर्गात एक ऊसतोड कामगार होता, चाळिशीचा. आरोपपत्राची प्रत कायम खिशात, घड्यांवर फाटलेली. कशाची केस म्हटलं की "मारामारीची" एवढंच सांगायचा. आधी तो त्या कागदांत स्वतःचं नाव शोधायला शिकला. मग एक एक अक्षर लावत साक्षीदारांच्या यादीपर्यंत गेला, तर तिथे सख्ख्या चुलतभावाचं नाव. ज्या भावाला तो इतके दिवस "वकील बघ" म्हणून निरोप धाडत होता, तोच सरकारी पक्षाचा साक्षीदार.

माझी मागणी एवढीच आहे. आत आलेल्या प्रत्येक निरक्षर माणसाला पहिल्या आठवड्यापासून वाचायला शिकवा, खटल्याचं काही का होईना. संयुक्त राष्ट्रांच्या कैद्यांविषयीच्या नेल्सन मंडेला नियमांत (२०१५) निरक्षर कैद्यांचं शिक्षण सक्तीचं म्हटलं आहे. आपण त्याच्या जवळपासही नाही.

झेडपी_मास्तर

ताई, तळमळ पोचली. पण आमच्याकडे या. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यातला एक शिक्षक कायम निवडणूक नाहीतर सर्वेक्षणाच्या कामावर. नवीन शिक्षक कधी मिळणार हे कुणी सांगत नाही. ज्या पोरांनी कुणाचं काही बिघडवलं नाही त्यांना मास्तर नाही, आणि तुरुंगात पहिल्या आठवड्यापासून मास्तर पाहिजे? पैसा एकच आहे. तो आधी पोरांवर खर्च व्हावा, असं मी स्पष्ट म्हणतो.

पाटीपेन्सिल

सर, तुमची शाळा रिकामी ठेवा असं कोण म्हणेल? मी नवीन मास्तर मागतच नाहीये. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास कैद्यांना आत घेतलं की सकाळपर्यंत बराक बंद. दिवा रात्रभर चालू. त्याच बराकीत बारावी झालेला, पदवी घेतलेला कुणीतरी असतोच. त्याला चार दिवसांचं प्रशिक्षण द्या, पाट्या द्या, काम म्हणून नोंद करा आणि मजुरी द्या. तिहारमध्ये 'पढो और पढाओ' याच तत्त्वावर चालतं, शिकलेला न शिकलेल्याला शिकवतो. केंद्राच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरचे निरक्षर येतात. बराकीतला माणूस त्या व्याख्येत बसतोच की.

निवृत्त_खाकी

तुरुंग खात्यातच नोकरी केली, म्हणून लिहितो. बराकीत शिकवणं कागदावर सोपं दिसतं. ५० माणसांच्या बराकीत दीडशे झोपतात तेव्हा कूस बदलायला जागा नसते, तिथे वर्ग कुठे भरवणार? दुसरं, बराकीत ज्याच्या हातात कसलाही अधिकार देता तो त्याचा दर लावतो. पाटी कुणाला द्यायची, दिव्याखालची जागा कुणाची, यावरूनही मारामारी होते. हे मी पाहिलेलं आहे. कच्चा कैदी आज इथे, उद्या तारखेला, परवा दुसऱ्या तुरुंगात. तारखेला न्यायला पोलीस गार्ड मिळाला नाही की त्या दिवशी सगळी बराक बिथरलेली असते, त्या मनःस्थितीत बाराखडी कोण घोटणार?

खात्यात शिक्षकाचं पद आहे. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, बेकरी यांचे निदेशकही असतात. मागायचंच तर एक मागा, शिक्षकाला कारकुनीला जुंपू नका. मी असताना आमच्या गुरुजींचा अर्धा दिवस रजिस्टरं लिहिण्यात जायचा. गर्दी कमी करा, गुरुजींना वर्गावर ठेवा, मग बाकीचं बोलू.

कृष्णाकाठ

मी या धाग्यावर लिहावं की नाही, कळत नव्हतं. माझ्या भावाचा खून झाला. खटला अजून चालू आहे. आरोपी आत आहे. आईला घेऊन मी कोर्टात जाते तेव्हा कळतं की आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख. ती तारीख आम्हाला कुणी कळवत नाही, शिपायाला विचारून आणावी लागते. भावाची दोन मुलं आहेत. त्यांच्या फीचं काय, हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. आणि इथे चर्चा काय, तर आरोपीच्या पाटीची आणि खडूची.

उद्या त्याला शिक्षा झाली तर तो बीए करेल, त्याला तीन महिन्यांची माफी मिळेल, पेपरात फोटो येईल. माझा भाऊ एफवायला होता.

शिकवा, मी नको म्हणत नाही. माणसाला वाचता यावं. पण शिकल्याबद्दल शिक्षा कमी का करता? शिक्षण त्याच्या भल्यासाठी आहे ना? मग तेच त्याचं बक्षीस असू दे.

आकडेमोड

कृष्णाकाठ ताईंच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. त्यात एक भर. तुरुंगातल्या शिक्षणाच्या बाजूने हमखास पुढे येतो तो अमेरिकेतल्या रँड संस्थेचा २०१३ चा आढावा, त्यात शिकलेले कैदी पुन्हा आत येण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी निघाली. पण वर्गात येऊन बसतो तो आधीच सुधारायचं ठरवलेला माणूस असू शकतो. मग सुधारणा शिक्षणाने झाली की स्वभावाने, हे वेगळं काढणं अवघड, आणि त्या आढाव्यातले सगळे अभ्यास ते नीट वेगळं काढत नाहीत. माफीचं आमिष ठेवलं की हा गुंता आणखी वाढतो. तीन महिन्यांसाठी पुस्तक उघडणारा आणि शिकायचं म्हणून उघडणारा, दोघांची गुणपत्रिका सारखीच दिसते.

पाटीपेन्सिल

कृष्णाकाठ, तुमच्या दुःखापुढे मी वाद घालणार नाही. फक्त माझ्या मागणीत माफी कुठेच नाही, एवढं सांगते. कच्च्या कैद्याला माफी लागूच नसते, शिक्षाच झालेली नसते तर माफी कशातून देणार? म्हणूनच मी पदवीपासून सुरुवात करत नाहीये.

आकडेमोड, "पुन्हा गुन्हा करेल का" ही मोजपट्टी कच्च्या कैद्याला लावताच येत नाही. त्याने पहिला गुन्हा केला की नाही हेच अजून ठरायचं आहे. निर्दोष सुटणाऱ्याने तीन वर्षं आत घालवली आणि अंगठा घेऊनच बाहेर आला, याचा जाब कुठल्या आढाव्यात शोधायचा?

भोसरी_वर्कशॉप

माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सुटून आलेली दोन माणसं माझ्याकडे कामाला होती, एक अजून आहे. अनुभवाचं बोलतो, वाचता येणं ठीक, पण पोट हाताच्या कामावर भरतं. आत हातमाग शिकवतात, बाहेर हातमाग विचारतो कोण? वेल्डिंग, वायरिंग, मोटार रिवाइंडिंग, दुचाकीची दुरुस्ती शिकवा. आणि कंपनीच्या गेटवर पोलीस चारित्र्य पडताळणीचा कागद मागतात, तिथे पहिली श्रेणीही उपयोगी पडत नाही. माझ्याकडचा माणूस उत्तम वेल्डर आहे, पण ज्या कंपनीचं काम मी घेतो तिच्या आवारात मला त्याला नेता येत नाही.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर बघा. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ साली ती खुली वसाहत सुरू झाली. कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. माणूस सुधारला तो तिथे कामाने आणि घरच्यांच्या सोबतीने.

पाटीपेन्सिल

पण दादा, स्वतंत्रपूरला जातो तो शिक्षा झालेला, चांगल्या वर्तणुकीचा, निवडून काढलेला माणूस. कच्च्या कैद्याला तो दरवाजा बंदच आहे. आणि तुमच्या वेल्डरला ड्रॉइंगवरची मापं वाचता येत नसती तर तुम्ही त्याला ठेवला असता?

भोसरी_वर्कशॉप

मापं मीच शिकवली त्याला. पण हो, आकडे ओळखता येत होते म्हणून शिकवू शकलो.

कोर्टकचेरी

वकिली करतो, गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे, तुरुंगभेटीला जातो. धागाकर्तीशी पूर्ण सहमत, कारण वेगळं. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेली माणसं दर भेटीत भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला निर्देश दिले की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला पोचवा. आदेश पोचतो. हातात इंग्रजी नाहीतर मराठी कागद येतो आणि माणूस तो उशाखाली ठेवतो. मी विचारल्यावर काढून दाखवतो, "साहेब, हे काय आलंय बघा." जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर जामिनावर सुटण्याचा त्याचा हक्क तयार होतो, काही अपवाद आहेत. हा हिशेब अधीक्षकांनी करून कोर्टाला कळवायचा असतो. पण ज्याला तारीख वाचता येते आणि बेरीज करता येते, तो स्वतः विचारतो, "माझं कधी भरतंय?" विचारणाऱ्याचा अर्ज लवकर हलतो.

निवृत्त_खाकी साहेब, तुम्ही गर्दी आधी कमी करा म्हणता. गर्दी कमी होण्याची एक वाट इथूनही जाते.

निवृत्त_खाकी

हिशेबाचा मुद्दा मान्य. बराकीत रात्री शिकवायला माझा विरोध कायम. दिवसा, वर्गखोलीत, खात्याच्या शिक्षकाकडून, अशी योजना असेल तर कुठेही सही करतो.

कृष्णाकाठ

वकील साहेब, आरोपीचा हिशेब अधीक्षकांनी करायचा, त्याचा आदेश त्याला दुसऱ्या दिवशी पोचवायचा, हे सगळं कायद्यात आहे. मग आमची तारीख आम्हाला कळवायचं कुठल्या कायद्यात आहे? कैद्याच्या मजुरीतून पीडितांसाठी पैसे काढतात असं ऐकलं होतं, त्याचं काय?

कोर्टकचेरी

ताई, प्रश्न रास्त आहे. तपास चालू असताना त्याची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची, हे नवीन संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. खटल्याच्या प्रत्येक तारखेसाठी तसं बंधन नाही, ते असायला हवं. मजुरीतून भरपाईसाठी हिस्सा काढण्याची व्यवस्था करा, असं सर्वोच्च न्यायालय १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात म्हणालं होतं. पण २०२३ च्या वाढीनंतरही आपल्याकडे कारखान्यातल्या कुशल कैद्याची मजुरी दिवसाला शंभराच्या आतच होती, त्यातून किती निघणार? तुमच्यासाठी खरा रस्ता पीडित भरपाई योजनेचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, भावाच्या मुलांच्या नावाने. निकालापर्यंत थांबायची गरज नाही, अंतरिम मदतही मागता येते. आणि केसचा १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक सरकारी वकिलांकडून घ्या, ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते. अडलं तर इथेच लिहा, अर्जाचा मसुदा करून देतो.

कृष्णाकाठ

क्रमांक उद्या आणते. अर्ज मराठीत चालेल ना? आईला वाचून दाखवायचा आहे.

कोर्टकचेरी

मराठीतच करू.