प्रकाश कमी केल्यावर टीव्हीतून गुणगुण का ऐकू येते?

प्रश्न: आमच्या एलईडी टीव्हीचा प्रकाश कमी केला की मागच्या बाजूने बारीक गुणगुण ऐकू येते. ध्वनी पूर्ण बंद केला तरी ती थांबत नाही, मात्र प्रकाश पूर्ण वाढवला की नाहीशी होते. हा बिघाड समजावा का?

उत्तर १: आपण दिलेल्या लक्षणांवरून हा बहुधा बिघाड नसावा. अनेक टीव्हींमध्ये मंद प्रकाशासाठी पडद्यामागचे दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केले जातात, आणि त्या बदलत्या विद्युतप्रवाहामुळे टीव्हीच्या आतील वीजपुरवठ्याच्या सर्किट बोर्डवरील ट्रान्सफॉर्मर, तारेची वेटोळी आणि सिरॅमिकचे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) सूक्ष्म कंप पावतात. प्रकाश पूर्ण असताना दिवे अखंड चालू राहतात, म्हणून आवाजही थांबतो. प्रकाश थोडा वाढवून पाहावा.

उत्तर २: वरील खुलासा पटतो. गुणगुण स्पीकरमधून येत असती, तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून अर्थिंग तपासण्यास सांगितले असते. आपल्या बाबतीत तो प्रश्न नाही.

उत्तर ३: जुन्या प्लाझ्मा टीव्हींचे कारण वेगळे होते. त्यांच्या काचेतील वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असे, आणि बाहेरची हवाच काचा घट्ट दाबून धरत असे; त्यामुळे लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, जिथे हवाच विरळ, त्यांची गुणगुण वाढत असे.

उत्तर १ (पुन्हा): एक कळकळीची विनंती, मागचे झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ राहतो. आवाज अचानक वाढला किंवा जळका वास आला, तर टीव्ही बंद करून तंत्रज्ञाला बोलवा.