कल्लोळ-यडूरला केबल-स्टेड पूल हवा का?
बेळगाव जिल्ह्यातील कल्लोळ-यडूरचा बंधारा-पूल पावसाळ्यात कृष्णेखाली जातो, म्हणून तिथे केबल-स्टेड (उंच मनोऱ्यांना बांधलेल्या तिरप्या तारांनी तोललेला) पूल बांधावा, ही तुमची सूचना कळकळीची आहे. मात्र अशा पुलाचे प्रयोजन वेगळे असते. कोलकात्याच्या विद्यासागर सेतूचा (१९९२) मधला गाळा (दोन मनोऱ्यांमधले अंतर) ४५७ मीटरचा आहे, कारण हुगळीतील जहाजांची वाट मोकळी ठेवायची होती. तिरप्या तारा रस्त्याचा भार मनोऱ्यांवर नेतात आणि मनोऱ्यांपासून पुढे पुढे गाळ्याचे भाग जोडत नेताना पात्रात आधार उभारावे लागत नाहीत. आपल्या चिकोडी भागात कृष्णेतून जहाजे जात नाहीत आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर खांब उभारता येतात. आपल्याला खरी गरज आहे ती उंचीची, आणि त्याहून अधिक, उसाच्या शिवारातून पुराला वाट देणाऱ्या, पुरेशा मोऱ्या असलेल्या जोडरस्त्यांची. नुसता मातीचा भराव घातला, तर तोच पाणी अडवून वरच्या अंगाच्या गावांत शिरवील.