वेंगुर्ल्याचं घर विकायचं का? (आपला फॅमिली ग्रुप)

अण्णा काका: नमस्कार सर्वांना. त्या एजंटचा परत फोन आला होता. बंदराकडचं आपलं घर आणि मागची माडांची बाग दोन्ही मिळून घ्यायला पार्टी तयार आहे म्हणतो, पैसे एकरकमी. मला आता धावपळ झेपत नाही. तौक्ते वादळात 2021 ला गेलेली कौलं अजून निम्मी तशीच आहेत, पडवीची भिंत ओल धरते, बाव (विहीर) उपसून किती वर्षं झाली. माझ्यामागे तुम्ही भावंडांनी भांडण्यापेक्षा आत्ताच काय ते बोला. नुसते अंगठे पाठवू नका, लिहा.

छोटू (बंगलोर): अण्णा मी स्पष्टच सांगतो, विकूया. आत्ता जो रेट आलाय तो नंतर मिळेलच असं नाही. चिपी विमानतळ 2021 ला झाला, गोव्याचा मोपा विमानतळ 2023 पासून चालू आहे, म्हणून वेंगुर्ल्याला भाव आलाय. आम्ही लहानपणी मे महिन्यात यायचो तेव्हा संध्याकाळी सातनंतर बाजारात चिटपाखरू नसायचं, अर्धी दुकानं कायमची बंद. आपल्यातलं कोणी तिथे राहायला जाणार नाहीये मग धरून ठेवून करायचं काय

दादा (पुणे): मी अजून ठरवलं नाहीये. पण छोटूचं एक बरोबर आहे, बंद घर पडतंच, कोकणात तर चार पावसाळ्यात पडतं.

कल्याणची ताई: छोटू, भाव विमानतळामुळे आलाय हे मला अजिबात पटत नाही. विमान सगळ्यात शेवटी आलं आणि मुंबईचं विमान तर मधे बंदही पडलं, तरी माणसं येतायतच ना. गाव त्याच्या पाच-सहा वर्षं आधीपासून बदलायला लागलं होतं आणि ते बदललं कचऱ्यापासून. रामदास कोकरे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी म्हणून आले, 2015 च्या आसपास, आणि त्यांनी सुरुवात कशाने केली तर कचरा डेपोपासून. घराघरात ओला वेगळा, सुका वेगळा, काच वेगळी, कापड वेगळं, आणि वेगळा केला नाही तर उचलणारच नाही. ओल्या कचऱ्याचं बायोगॅस, पाल्यापाचोळ्याच्या कांड्या जाळायला, प्लास्टिक बारीक करून डांबरात घालून रस्ते. राज्यात प्लास्टिकबंदी 2018 ला आली, वेंगुर्ल्यात पिशव्या त्याच्या आधीच बंद झालेल्या. आणि हे काय मोठ्या फंडाचं काम नव्हतं, आहे त्या नगरपरिषदेत, आहे त्याच सफाई कामगारांना घेऊन केलेलं.

कल्याणची ताई: मी तो डेपो आत जाऊन बघितलाय म्हणून एवढं लिहितेय. गेटमधून आत गेलं की आधी झाडं लागतात, मग शेड, शेडमधे प्लास्टिकचे दाबून बांधलेले गठ्ठे एकावर एक, बाजूला काचेच्या बाटल्या वेगळ्या, चपला वेगळ्या, आणि वास नाही. खरंच नाही. बाहेरगावचे लोक तिथे बघायला येतात, त्याचं नावच स्वच्छ भारत पर्यटन स्थळ ठेवलंय. नंतर हेच कोकरे साहेब आमच्या कल्याण-डोंबिवलीत उपायुक्त होते, आधारवाडीचं डम्पिंग 2021 ला बंद झालं. त्या कचऱ्याच्या डोंगराचा धूर आम्ही किती वर्षं खाल्लाय ते आम्हालाच माहीत, म्हणून मला या माणसाच्या कामाची किंमत जरा जास्तच कळते.

आत्या (वेंगुर्ला): काय तां इकूचा इकूचा लावलंहास. मी हयसर रोज बगतंय. पैलां बंदरार जाताना नाक धरूचा लागायचा, आता सांजेक थयसर बसाक जागा गावणा नाय. गाडी येता, मिसळलेलो कचरो दिलास तर घेणत नाय. सुरवातीक माझ्याच दारात डबो तसोच ठेवन गेले, मी भांडलंय पण, आणि मगे आपसूक सवय लागली.

छोटू (बंगलोर): आत्या मान्य, स्वच्छ झालं. पण स्वच्छ गाव आणि आपलं घर याचा संबंध काय

अण्णा काका: संबंध मी सांगतो. तुम्हा मुलांना गाव पडीक झालेलंच माहीत आहे, आधीचं माहीत नाही. वेंगुर्ला हे बंदर होतं. 17 व्या शतकात डचांनी इथे वखार घातली, ती पडकी भिंत तुम्ही पाहिली आहे. 1812 ला सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं. बेळगावचा माल घाट उतरून इथे यायचा आणि बोटीत चढायचा. आमच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीने. पडावात (छोट्या होडीत) बसून बोटीपर्यंत जायचं, ट्रंका वर ओढून घ्यायचे, बायका ओरडत असायच्या, पाऊस लागला की बोट बंद ते थेट नारळी पौर्णिमेनंतर. सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात गोव्यापासून पेशंट यायचे. तिथले अमेरिकन डॉक्टर गोहीन, त्यांचा मुलगा वेंगुर्ल्यात जन्मला 1919 ला, तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 ला अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात आला. अशा गावात आपल्या आजोबांनी चिऱ्याचं दुमजली घर बांधलं ते उगीच नाही.

अण्णा काका: मग बोट बंद झाली. हायवे गेला कुडाळ, झारापवरून. रेल्वे 1998 ला आली ती पण कुडाळ, सावंतवाडीवरून, आपल्यापासून 25-30 किलोमीटर आत. जिल्ह्याचं ठिकाण ओरोसला. वखारी रिकामी, पेढ्या रिकाम्या, जो शिकला तो मुंबईला. बंदर कोणी बुडवलं नाही, रस्ता दुसरीकडून गेला एवढंच.

वहिनी (पुणे): अण्णा हे सगळं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं तुम्ही 🙏 गोहीनचं तर पहिल्यांदा ऐकतेय

दादा (पुणे): अण्णांनी लिहिलं ते वाचून मला दुसरीच भीती वाटते. रस्ता आता परत इकडे वळलाय, मोपा जवळ आहे, गोव्यात जागा संपली की माणसं उत्तरेला सरकतायत. म्हणजे दहा वर्षांनी वेंगुर्ल्याचं काय होणार तर गोव्यातलं कळंगुट. डोंगर कापून बंगले, बोअरला खारं पाणी, किनाऱ्यावर बाटल्या. शिरोडा वेळागरला हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात लोकांच्या जमिनी घेतल्या, तो वाद किती वर्षं चालला आपण बघितलंय. गाव सुधारलं म्हणजे गावातल्यांचं सुधारलं असं होत नाही प्रत्येक वेळी.

कल्याणची ताई: दादा अगदी हेच माझं म्हणणं आहे, आणि म्हणूनच विकायचं नाही. बंदराकडचं एकेक घर बाहेरच्या पार्टीला गेलं की कळंगुट तिथूनच सुरू होतं, ते आपोआप येत नाही, आपल्यासारखे वाटेकरी सह्या करून आणतात. मला जे वेंगुर्ल्यात आवडलंय ना ते म्हणजे आत्तापर्यंत जे उभं राहिलं ते गावातल्या माणसांनी केलं. मांडवी खाडीतली स्वामिनी बचत गटाची कांदळवन (खारफुटी) सफर घ्या. 2017 ला सुरू केली, बायका आहेत सगळ्या मच्छीमार घरातल्या, संयुक्त राष्ट्रांची युएनडीपी आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांची मदत मिळाली पण होडी वल्हवायची ती यांनीच, माहिती सांगायची ती यांनीच.

कल्याणची ताई: आम्ही गेलो तेव्हा ओहोटी संपून भरती लागत होती. ज्या काकू वल्हं मारत होत्या त्यांनी होडी एका कांदळाच्या फांदीखाली नेली आणि मुलांना हात लावून बघायला सांगितलं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हातभर हिरव्या शेंगेसारखं लटकत राहतं आणि वेळ झाली की सरळ खाली चिखलात घुसतं, तिथेच उभं राहून पानं काढतं, आणि पाणी असलं तर तरंगत जाऊन दुसरीकडे लागतं. माझ्या लेकीने इतके प्रश्न विचारले आणि काकूंनी एकही टाळला नाही. मुळांमधे कुर्ल्या (खेकडे) कुठे बसतात, माशांची पिल्लं तिथे का येतात, कांदळ तोडलं तर खाडीचं पाणी कुणाच्या शेतात शिरेल, सगळं. याच बायका आधी मासळी विकून घर चालवायच्या, अजूनही विकतात, पण आता खाडी राखण्यात त्यांचा स्वतःचा पैसा आहे. असं माणूस गावात असेल तर तो गाव कोणी सहजासहजी खराब नाही करू शकत.

छोटू (बंगलोर): ताई सफर मस्तच आहे, मीही ऐकलंय. पण आपण ती करणार नाही आहोत. आपण पाच जण पाच शहरात. होमस्टे म्हणशील तर कोण चालवणार, सीझन किती तर दिवाळी, ख्रिसमस, मे. पावसाळ्यात चार महिने शून्य. कौलं, वायरिंग, बाथरूम, पाण्याची टाकी धरून खर्च किती होईल कोणी हिशोब केलाय? आणि निवतीजवळ नौदलाची निवृत्त गुलदार नौका समुद्रात ठेवून अंडरवॉटर म्युझियम करायचा प्रकल्प आहे, तो झाला की अजून मोठी हॉटेलं येतील, दोन खोल्यांच्या होमस्टेला कोण विचारणार

वहिनी (पुणे): छोटू भाऊजी, विचारतात. गेल्या वर्षी माझ्या ऑफिसातल्या दोघी राहून आल्या वेंगुर्ल्याला, त्यांना हॉटेल नकोच होतं. त्यांना घरचं जेवण हवं होतं, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, आणि सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघायची होती. एका टोकाला दोरी धरून त्यांनी पण ओढली म्हणे. आणि हो, सरकारची आई योजना आहे, महिला पर्यटन धोरण, 2023 चं. बाईच्या नावावर पर्यटनाचा व्यवसाय असेल तर 15 लाखापर्यंत कर्ज आणि व्याजाचा परतावा मिळतो, काही अटी आहेत. शिवाय निवास न्याहारीची नोंदणी. मी बँकेत आहे, कागदपत्रं मी बघते.

आत्या (वेंगुर्ला): चालवणारा माणूस मी देतंय. आमच्या वाडीत सासू-सून दोघी आसत, खानावळीचा काम केलेला, हात सुगरणीचो. घोव मासेमारीक जाता. तेंका जागो नाय, तुमका माणूस नाय. काय कठीण आसा ह्यात?

कल्याणची ताई: आत्या 🙏🙏 मी हेच म्हणणार होते, तुम्ही माणसासकट आणलंत. माझं असं आहे सगळ्यांना, घर आपल्याच नावावर राहू दे, पण कुलूप काढूया. खालचा मजला आणि पडवी त्या दोघींना चालवायला द्यायची, रीतसर करार करून, 5 वर्षांचा. त्यांना पहिली 2 वर्षं भाडं नाही, त्या बदल्यात घर झाडलेलं, दिवा लागलेला, बाग शिंपलेली राहील. नंतर नफ्यात वाटा. वरचा मजला आपला, मे महिन्यात आणि गणपतीत. मला त्यातून कमवायचं नाहीये, मला बंदराकडच्या त्या रस्त्यावर अजून एक घर उघडं असायला हवंय. झुलत्या पुलाकडे जाणारी माणसं आपल्या गडग्याच्या (कुंपणाच्या) बाजूने जातात आणि आत काय तर वाळवी.

दादा (पुणे): करारात एक घाला. बागेत बांधकाम नाही, बोअर मारायची नाही, बावीचंच पाणी. आणि कचरा नगरपरिषदेच्या नियमाने. मग मी तयार आहे. शाकारणीचा (कौलं परतायचा) निम्मा खर्च माझा.

छोटू (बंगलोर): मला अजून वाटतं आपण भावनेच्या भरात चाललोय. पण ओके, 5 वर्षं बघू. 5 वर्षांनी नाही जमलं तर माझा वाटा मला द्यायचा आणि विकायचं झालं तर आधी गावातल्या माणसाला विचारायचं, रेट कमी आला तरी. हे लिहून ठेवा. बाव उपसायचा आणि पंपाचा खर्च मी देतो.

आत्या (वेंगुर्ला): छोट्या शाणो झालो. मागच्या परसात काजीची दोन झाडां आसत, फळ संशोधन केंद्राची, वेंगुर्ला चार जातीची. बी चांगली धरता, कोण काढीना म्हणान पडान कुजता. सुनेक सांगान ठेवतंय.

अण्णा काका: ठीक आहे. एजंटला मी नाही कळवतो. पण एक अडचण आहे, सातबारावर अजून आमच्या वडिलांचं आणि दोन्ही काकांचं नाव आहे. वारस नोंद झाल्याशिवाय करार पण होणार नाही आणि बँक पण उभी करणार नाही.

वहिनी (पुणे): हो अण्णा, ते आधी. प्रत्येक वाटेकऱ्याचं आधार, मृत्यू दाखले जे असतील ते, आणि घरपट्टीची शेवटची पावती. मला इथेच ग्रुपवर फोटो टाकू नका, वैयक्तिक पाठवा. दुबईच्या भाऊजींचं कुलमुखत्यारपत्र लागेल, त्यांना मी आज फोन करते.

कल्याणची ताई: कौलांचं मिस्त्रीला आत्ताच सांगायला हवं, एप्रिलमधे कोणी मिळत नाही. आत्या, तुमच्याकडे ज्याने गेल्या वर्षी घर परतलं त्याचा नंबर मला पाठवा ना.