दोन फुटांवरून दिसत नाही म्हणे!

डर्बीकर
ठाणेकरांनी काल ब्रिटिश मॉडेल रेल्वेच्या धाग्यावर लिहिलं, "चांगलं चालणारं इंजिन उघडून त्याची चाकं बदलणं हा पैसेवाल्यांचा चाळा आहे. दोन फुटांवरून फरक दिसत नाही." दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

ओओचं, म्हणजे ब्रिटिश मॉडेलांच्या नेहमीच्या मापाचं, मूळ दुखणं सगळ्यांना माहीत आहे. इंजिनाचा वरचा भाग खऱ्या फुटाला ४ मिमी आणि खाली दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिमी, म्हणजे फुटाला ३.५ मिमी स्केलचं. खऱ्या रुळाचं ४ फूट ८½ इंचांचं गेज तिथे ४ फूट १½ इंच भरतं. तब्बल सात इंच गायब! इंजिन समोरून येताना बघा, दोन्ही चाकं पोटाखाली ओढून घेतलेली दिसतात. हे दारातून आत येतानाही डोळ्यांत खुपतं.

माझं बाकमन कंपनीचं ५७०० पॅनिअर (बाजूला पाण्याच्या टाक्या असलेलं छोटं वाफेचं इंजिन) मी पी-फोरला, म्हणजे याच स्केलच्या अचूक गेजला, १८.८३ मिमीला नेलं. सिलिंडर आत, बाहेर फक्त चाकं एकमेकांना जोडणारे कपलिंग रॉड, त्यामुळे वाफेच्या इंजिनांत सुरुवातीला हेच घ्यावं. खालची पट्टी काढली की चाकं ॲक्सलसकट हातात येतात. नवी चाकं १८.५ मिमी व्यासाची, फ्लँज, म्हणजे चाकाची आतली कड, इतकी बारीक की नखाला जेमतेम लागते. चाकं बाहेर सरकली की चॅसीशी फट पडते, तिथे वॉशर घालायचे. ब्रेकचे ठोकळे चाकांच्या रेषेत बाहेर आणायचे, चाकांतून वीज घेणाऱ्या पिकअपच्या तारा पुन्हा वाकवायच्या. मग क्वार्टरिंग, म्हणजे एका बाजूची क्रँकपिन (चाकावरची रॉड अडकवायची पिन) दुसऱ्या बाजूच्या ९० अंश पुढे. तीन ॲक्सलांपैकी एक जरी किंचित चुकला तरी प्रत्येक फेऱ्यात रॉड त्याच जागी अडकतात. हे जमल्यावर इंजिन बारीक फटींच्या क्रॉसिंगवरून, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथून, आवाज न करता जातं, त्याची सर ओओला नाही.

ठाणेकर
डर्बीकर, तुम्ही इंग्लंडात डर्बीत बसून बोलताय. तिकडे मॉडेलवाल्यांच्या सोसायट्या आहेत, प्रदर्शनं आहेत, चाक वाकडं निघालं तर समोर दाखवता येतं. मी चाकं मागवली ती वाटेत अडकली, आली तेव्हा शुल्क आणि टपालखर्च धरून निम्म्या इंजिनाचे पैसे झाले होते. वर एक चाक लडबडत होतं. विकणाऱ्याने सरळ हात वर केले.

आणि अर्धी गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही. ही चाकं ओओच्या रुळावर चालत नाहीत. तयार इंजिनाचं चाक सुमारे २.८ मिमी रुंद, पी-फोरचं २ मिमी. मोठ्या फटींच्या पॉइंटवर (सांध्यावर) बारीक चाक खड्ड्यात पडतं. म्हणजे एका इंजिनापायी सगळा रूळ उखडायचा! कोथरूडच्या जोशी मॉडेल रेल्वे संग्रहालयात पोरं काचेला नाक लावून गाड्या बघतात. एकानेही फ्लँजची खोली विचारलेली मी ऐकली नाही.

मनमाड_जंक्शन
ठाणेकरांना +१. आणि पॅनिअरचं उदाहरण सोयीचं आहे. बाहेर सिलिंडर असलेलं इंजिन घ्या की. चाकं बाहेर आली की पुढची क्रँकपिन थेट स्लाइडबारच्या, म्हणजे पिस्टनच्या दांड्याला सरळ ठेवणाऱ्या पट्टीच्या, मागे घासते. पिन कापा, रॉड आतून खरवडा, तरी अर्धा मिमी सापडत नाही. प्लास्टिकच्या मध्याची चाकं क्वार्टरिंगसाठी चार वेळा काढघाल केली की भोक सैल होतं ते वेगळंच.

डर्बीकर
सैल होतं, मान्य. म्हणून आधी जिगमध्ये (कोन धरून ठेवणाऱ्या साच्यात) बसवायचं आणि मगच पूर्ण दाबायचं. रूळ बदलावा लागतो हेही मान्य, ते मी लपवलेलं नाही. पण पी-फोर झेपत नसेल तर मधलं ईएम गेज आहे, १८.२ मिमी. पेको कंपनीने बनवलेला ईएमचा तयार रूळ ईएम गेज सोसायटीतर्फे मिळतो. इंग्लंडातलं पेंडन मॉडेल-संग्रहालय ईएमवरच उभं आहे, त्याला कोणी कच्चं म्हणत नाही. बोगीवालं डिझेल असेल तर चाकांचे तयार जोड टाकले की एका संध्याकाळचं काम, क्वार्टरिंगचा प्रश्नच नाही. आणि पोरांना फ्लँज कळत नाही हा काय मुद्दा झाला? मॉडेल मी माझ्यासाठी करतो.

दख्खनी
तुमचं चालू द्या, पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इंग्रजांच्या इंजिनाचे २.३३ मिमी कमी पडले म्हणून इथे रण पेटतं आणि आपल्या गाड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आपलं ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच. एचओमध्ये, म्हणजे फुटाला ३.५ मिमीच्या स्केलमध्ये, ते १९.२५ मिमी हवं, आणि आपण सगळे कल्याण शेडचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन १६.५ वर पळवतो. पावणेतीन मिमी कमी, म्हणजे ओओपेक्षा जास्त चूक! सव्वातीन मीटर रुंदीचे डबे त्या रुळावर म्हणजे पैलवान तिचाकी सायकलवर.

मनमाड_जंक्शन
मग घाला १९.२५. पॉइंट कोण देणार? लांब ॲक्सल कोण देणार? बोगीच्या फ्रेमच मुळात स्टँडर्ड गेजच्या (४ फूट ८½ इंच) रुंदीच्या येतात. या हट्टाने दोन नवी मुलं आमच्या गटातून पळाली. आधी गाडी चालू द्या, शुद्धीकरण नंतर.

दख्खनी
शुद्धीकरण कसलं? ज्या रुळावर १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याची रुंदी मागतोय, उपकार नाही मागत.

आणि गेज बदलायचं नसेल तर स्केल बदला. फुटाला ३ मिमी घेतले तर साडेपाच फुटांचे बरोबर १६.५ मिमी होतात. पेकोचा रूळ, बाजारातले पॉइंट, तयार चाकं, काहीच बदलायला नको, गेज मात्र अचूक. फक्त बॉडी १:१०१.६ ला करायची. थ्रीडी प्रिंटरच्या जमान्यात ते अवघड नाही. मी वॅगन केली आहे, फोटो टाकतो.

ठाणेकर
हे मात्र पटलं. नाइलाजाने पटलं, कारण माझे एचओचे डबे आता मलाच बघवणार नाहीत.

मनमाड_जंक्शन
छान! म्हणजे बाजारात आहे ते सगळं विकून टाका आणि प्रिंटरपाशी बसा. दख्खनी, तुमच्या वॅगनला ओढायला इंजिन आहे का?

दख्खनी
मोटर-बोगीचं व्हीलबेस, म्हणजे ॲक्सलांमधलं अंतर, जुळवतोय. नसलेल्या गोष्टीवर हसणं सोपं असतं.

सांधेवाली
भांडण थांबवा जरा. माझे बाबा परळ वर्कशॉपला फिटर होते. चाकांची जोडी आली की आधी दोन चाकांच्या आतल्या अंगाचं अंतर मोजायचे, आपल्याकडे ते १६०० मिमी. ते बिघडलं तर गाडी क्रॉसिंगवर चढणार, मग चाक कितीही चकचकीत असो. मॉडेलातही तेच आहे. ठाणेकर, तुमचं चाक लडबडत होतं, पण आतलं अंतर मोजलंत का? ओओला १४.५ च्या आसपास हवं, ईएमला १६.५, पी-फोरला १७.७. एका गेजला दुसऱ्याचं अंतर चालत नाही. निम्म्या तक्रारी रुळाच्या नसतात, या मापाच्या असतात. तयार इंजिनंही डब्यातून काढल्यावर मी मोजते, आणि सगळी बरोबर निघतात असं नाही.

बारीक चाकं हवीत का, तर मला हवीत. पण चाकं आणि पॉइंट एकाच मापाचे असतील तरच. डर्बीकरांनी हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

डर्बीकर
शेवटच्या वाक्याशी असहमत, बाकी सगळं बरोबर. ठाणेकर, ते चाक फेकू नका. ॲक्सल काचेवर फिरवून बघा, कदाचित चाक वाकडं बसलंय, मुळात वाकडं नसेल.

ठाणेकर
बघतो. पण रूळ उखडणार नाही.

दख्खनी
वॅगनचा फोटो टाकला आहे. कोणीतरी बफरच्या उंचीवर बोला, तिथे मला शंका आहे.