निवृत्तीनंतर हातांनी उभारलेलं छोटं जग : तुमचे अनुभव लिहा

निवृत्तीनंतर कुणी रेल्वे स्टेशन, कुणी बाहुलीघर, कुणी अख्खं गाव बारक्या मापात उभारलंय. कुठे अडलात, काय साधलं, सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

माझी रेल्वे एचओ मापाची, म्हणजे १:८७. पावणेदोन मीटरचा माणूस त्यात २० मिलिमीटरचा होतो. रूळ टाकणं सोपं, कस लागतो खडीला. बारीक खडी कोरडीच पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरांच्या, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधे सारायची, मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकलेल्या पाण्याचा हलका फवारा मारायचा. हा थेंब चुकवू नका. त्याच्याशिवाय गोंद आत मुरत नाही, वरच गोळा होतो आणि खडी विस्कटतो. त्यानंतर पातळ केलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडायचा. जिथे रुळांना फाटा फुटतो, तिथल्या हलत्या पट्ट्यांजवळ मात्र थेंबसुद्धा मोजून. उभी हयात मुदतीच्या धाकात काम केलं. इथे गोंद त्याच्या वेळेला वाळतो आणि मी शेजारी बसून पुढच्या सिग्नलचा खांब तासतो. हे सुख मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.



मी बाहुलीघर करते, १:१२, फुटाला एक इंच. बोटांचे सांधे धरतात, म्हणून मुद्दाम मोठं माप घेतलं. सकाळी हात आखडलेले असतात तेव्हा रंगकाम; कटर दुपारीच हातात घेते. घर बांधून झालं तरी ते दुकानातल्यासारखं कोरं दिसत होतं. मग पायऱ्यांच्या मधोमध पॉलिश पेपर फिरवला, कडा तशाच ठेवल्या. दाराच्या कडीभोवती पातळ तपकिरी रंग बोटाने पुसला. खुर्चीच्या पायांखाली जमिनीवर चार ओरखडे. तेव्हा कुठे त्यात माणसं राहायला आली! सुबक कोरीवकामापेक्षा मला ही झीज जास्त मोलाची वाटते.



आमच्याकडे डबे-इंजिनं यांची, झाडं-डोंगर माझे. तांब्याच्या तारा पिळून खोड, वरून फोमचा चुरा. सगळी झाडं एकाच हिरव्यात रंगवू नका. लांबच्या डोंगराच्या रंगात किंचित निळा आणि पांढरा मिसळला की डोंगर आपोआप मागे सरकतो.



नव्यांसाठी दोनच गोष्टी. खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकला सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. पांढरा गोंद वापरा. थर्माकोलवर साधा स्प्रे पेंट मारू नका, त्यातलं द्रावक थर्माकोल खातं. आधी ॲक्रिलिकचा हात द्या.



मी नुकताच निवृत्त झालोय, आयुष्यभर हिशेब तपासले. इंग्लंडमधल्या बेकन्सफील्डला रोलंड कॅलिंगहॅम यांनी स्वतःच्या बागेत बेकनस्कॉट हे छोटं गाव उभारलं, १९२९ सालापासून ते लोकांना पाहता येतंय. तेही पेशाने अकाउंटंट! हे वाचल्यापासून मला राहवत नाहीये. बाग नाही, पलंगाखालची जागा आहे. म्हणून एन माप ठरवलंय, १:१६०, दोन रुळांत ९ मिलिमीटर अंतर. पाट्याएवढ्या फळीवर एकच फलाट करायचा विचार आहे. या मापात रुळांना वायर डाकताना (सोल्डर करताना) स्लीपर वितळू नयेत म्हणून तुम्ही काय करता?



वायर आणि रूळ दोन्हींवर आधी वेगवेगळं कथील चढवून घ्या. मग डाक लागायला क्षणभरच उष्णता पुरते. बाजूच्या स्लीपरांवर ओला कापूस ठेवा.