हुतात्मा चौक म्हणायचं की फाउंटन?

लालबागकर:
परवा मेट्रोने हुतात्मा चौकला उतरलो, बाजूला एक मुलगा फोनवर सांगत होता "फ्लोरा फाउंटनला आलोय", आणि मुलगा चांगला मराठी. मला मनापासून वाईट वाटलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथेच मोर्च्यावर गोळीबार झाला, १५ माणसं गेली, मागणी काय तर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. पुढे आकडा १०६ वर गेला. माझे आजोबा गिरणीत होते, त्या दिवशी मोर्च्यात होते. पळापळीत एक चप्पल तिथेच राहिली, दुसरी आजीने माळ्यावर जपून ठेवलेली, मी हातात घेऊन बघितलीय, अंगठ्याला खिळा ठोकलेला. म्हणून माझं स्पष्ट मत, टॅक्सीवाल्याला सांगतानासुद्धा हुतात्मा चौकच म्हणायचं.

फोर्टातला:
दादा, आजोबांबद्दल आदर आहेच, पण नाही पटलं. माझी ३० वर्षं नोकरी फोर्टात गेली, बसचे कंडक्टर "फाउंटन, फाउंटन" ओरडायचे त्यात कुठे अपमान होता? कारंजं १८६४ चं, खरं तर भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी बनवलेलं, मग किल्ल्याचं चर्चगेट पाडलं त्या जागी आणून बसवलं. दुरुस्तीसाठी खणलं तेव्हा खाली ट्रामचे रूळ निघाले, ट्राम १९६४ लाच बंद झालेली. एवढं सगळं एका जागेत आहे, त्यातलं एकच नाव ठेवून बाकी पुसायचं का? आणि खरं सांगा, तुमचे आजोबा काय म्हणायचे?

लालबागकर:
फाउंटनच म्हणायचे, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा दुसरं नाव नव्हतं, आणि आता जे आहे ते माणसं मेली म्हणून आहे. कारंज्याला कारंजं म्हणा, माझी हरकत नाही, चौकाला का?

पुस्तकवेडी:
मी कॉलेजपासून तिथल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं घेते, गेल्या महिन्यात मुलाला घेऊन गेले होते. तो मशाल धरलेल्या पुतळ्यांकडे बघून म्हणाला, आई हे दोघं कोण? एक कामगार, एक शेतकरी एवढं सांगितलं, पण मशाल का धरलीय ते सांगताना मीच अडखळले, आणि मी आयुष्यभर हुतात्मा चौकच म्हणत आलेय हो! त्यामुळे नुसतं नाव तोंडात असून काही होत नाही असं मला वाटतं. १ मेला हार पडतात, बाकी दिवस चारी बाजूंनी गाड्या, रस्ता ओलांडून जवळ जाऊन कोण उभं राहतं? त्याबद्दल भांडा ना.

फोर्टातला:
ताई, हे मात्र शंभर टक्के. कारंज्यावरचे रंगाचे थर काढून दगड मोकळा केला, २०१९ पासून ते परत बघण्यासारखं झालंय, लोक थांबून फोटो काढतात. चार पावलांवर स्मारक, तिकडे मान पण वळत नाही. हे मलाही टोचतं.

लालबागकर:
मग तेच तर म्हणतोय, नाव ऐकलं की निदान मान वळेल. ताई, मुलाला घेऊन २१ नोव्हेंबरला सकाळी या, आमच्या घरातून दरवर्षी कोणीतरी हार घेऊन जातं, आजोबांपासून चालू आहे, मी सांगेन त्याला. दादा तुम्हीपण या. मी हुतात्मा चौकच म्हणणार.