शब्दचर्चा : ‘निओक्लासिकल’ मेटलला मराठीत काय म्हणायचं?

रत्नागिरी : मेलडिक मेटलच्या, म्हणजे सुरेल धाटणीच्या हेवी मेटल रॉकच्या, अल्बमांबद्दल मराठीत ‘शास्त्रीय संगीताचा प्रभाव’ असं सर्रास लिहिलं जातं. वाचणाऱ्याला वाटतं, गिटारवर यमन वाजतोय. प्रभाव असतो तो युरोपातल्या जुन्या संगीताचा, म्हणून इंग्रजीत त्याला ‘निओक्लासिकल’ म्हणतात. नेमका शब्द कोणता, नवशास्त्रीय की नवअभिजात?

मालवण : ‘शास्त्रीय’ नकोच. मराठी कानाला त्यातून रागसंगीतच ऐकू येतं. ‘पाश्चात्त्य अभिजात’ चालेल. ‘नवअभिजात’ मात्र अडतो, कारण रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीच्या १९२० च्या दशकातल्या संगीतालाही निओक्लासिकलच म्हणतात. शिवाय काटेकोर अर्थाने अभिजात काळ हायडन-मोझार्टचा, साधारण १७५० ते १८२०. मेटल गिटारवादक यंग्वी माल्मस्टीनच्या ‘रायझिंग फोर्स’ या अल्बममध्ये (१९८४) संगीतकार बाखची छाया आहे, म्हणजे त्याआधीचा बरोक काळ, आणि व्हायोलिनवादक पागानिनीची आहे, म्हणजे पुढचा रोमँटिक काळ. मधलाच काळ ज्यात फारसा नाही, त्याचं नाव कशाला द्यायचं? मी ‘बरोक वळणाचं मेटल’ लिहितो. बरोक हा शब्द ओबडधोबड मोत्याला असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला असं मानतात. पाव, चावी, पगार पोर्तुगीजांकडून घेतलेल्या आपल्या किनाऱ्याला तो जड जाऊ नये.

वेंगुर्ले : मालवणकर, ‘बरोक वळण’ पटलं. पण ते वळण कानाला कळायला हवं. भजनाची पेटी पुढ्यात घ्या. सा पांढरी सहावर धरा आणि सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या वाजवा. फक्त नी घेताना पांढरी पाच सोडून काळी चार दाबा. हीच हार्मोनिक मायनर, आपल्या किरवाणीचे स्वर. कोमल ध ते शुद्ध नी या तीन श्रुत्यांच्या उडीत सगळी गंमत आहे. चुकून पांढरी पाच दाबली की आसावरी थाट होतो आणि सा कडे ओढणारा ताण जातो. आता पट्ट्या त्याच ठेवून सा पांढरी तीनवर न्या : बसंत मुखारीचे स्वर. मेटलवाले त्याला फ्रिजियन डॉमिनंट म्हणतात.

मालवण : एक दुरुस्ती. ‘तीन श्रुती’ लिहू नका. एका सप्तकात श्रुती बावीस, पेटीच्या पट्ट्या बारा. ‘तीन अर्धस्वर’ म्हणा.

वेंगुर्ले : बरोबर, अर्धस्वरच हवं.

रत्नागिरी : मग ‘आर्पेजियो’ला तान म्हणावं का?

कुडाळ : नको. तान रागाच्या चलनाने जाते, आर्पेजियो कॉर्डचेच, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या जुडीचेच, स्वर सुटे करून घेतो : सा, कोमल ग, प, वरचा सा. ‘सुटा कॉर्ड’ म्हटलं तर पेटीवाल्यालाही लगेच उमगतं. तो गिटारवर वेगाने घ्यायच्या ‘स्वीप पिकिंग’ तंत्रात पिक (तार छेडायची छोटी चकती) एकाच दिशेने तारांवरून ओढतात, प्रत्येक तारेला वेगळा झटका देत नाहीत. स्वर वाजला की त्या तारेवरचं बोट लगेच सैल करायचं, पण उचलायचं नाही. दाबून ठेवलं तर आधीचे स्वर घुमत राहतात आणि सुटा कॉर्ड पुन्हा जुडीचा कॉर्ड होतो. गेन (ॲम्प्लिफायरवर आवाज फाटवायची पातळी) जास्त असला की हा चिखल आणखी वाढतो. वरच्या तारांवर असताना खालच्या तारा उजव्या तळव्याच्या कडेने दाबून ठेवाव्या लागतात.

रत्नागिरी : आणि गिटार-कीबोर्ड आळीपाळीने भिडतात, त्याला भजनी बुवांच्या सामन्यातला ‘डबलबारी’ हा शब्द शोभेल?

कुडाळ : ऐकायला गोड आहे, पण डबलबारीत एक बुवा आपली बारी पुरी करतो, मग दुसरा उभा राहतो. इथे दोन-चार आवर्तनांत उत्तर येतं. ‘सवाल-जवाब’च लिहा.